चिठ्ठीची जागा

१

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण डॉक्टर रिफअत यांची सकाळ काही बदलली नव्हती. सातच्या ठोक्याला वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली, टेबलावर भिंग, आणि बायकोने आणून ठेवलेला मरामिया या सुगंधी झुडपाची पानं घातलेला कोरा चहा. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, झाडांचे. जॉर्डनमधल्या त्या सल्त गावातली एखादी म्हातारी अजूनही गुडघे दाखवायला यायची आणि हिरमुसून परत जायची.

खोलीत चार लोखंडी कपाटं होती. त्यांत तीन हजारांवर जाड पांढरे कागद, प्रत्येक कागदावर दाबून वाळवलेलं एक झाड चिकटवलेलं, आणि उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी. तिच्यावर झाडाचं नाव, तारीख, सही. गाजर, कोथिंबीर, बडीशेप यांचं जे छत्रीसारखी फुलं येणारं कुळ, त्या एका कुळावर या माणसाने जन्म घालवला. येत्या गुरुवारी विद्यापीठाची गाडी कपाटं घ्यायला येणार होती. पुस्तकही छापून होत आलं होतं. एकूण काय, स्वारी खुशीत होती.

त्या रविवारी त्यांनी रानबडीशेपेचा एक कागद काढला, चिठ्ठीवर भिंग नेलं आणि थबकले. चिठ्ठीच्या शेजारी एक चौकोन होता. कुणी आखलेला नव्हता. बाकीचा कागद इतक्या वर्षांत पिवळा पडलेला, आणि तेवढीच जागा, चार बोटं लांब, दोन बोटं उंच, पांढरी स्वच्छ. भिंतीवरची तसबीर उतरवल्यावर मागे राहते ना, तशी.

म्हणजे इथे आणखी एक चिठ्ठी होती आणि कुणीतरी ती काढून घेतली. पण या कागदावर दुसरी चिठ्ठी कधी नव्हतीच! डॉक्टरांना आपला एकेक कागद पाठ होता.

"ऊन लागलं असेल," ते स्वतःशीच म्हणाले. बंद कपाटात ऊन कुठून लागणार, हा प्रश्न त्यांच्या वर्गातल्या कुठल्याही ढ विद्यार्थ्याने विचारला असता. त्यांनी विचारला नाही. कागद पुन्हा आत ठेवला आणि चहा प्यायले.

२

चहा संपतो न संपतो तोच खाली दार वाजलं.

"अगंबाई, सब्हा तू?" बायकोचा आवाज आला. मुलाचं नाव नाजी, म्हणून तिला सगळे उम्म नाजी, नाजीची आई, म्हणायचे आणि डॉक्टरांना अबू नाजी. "किती वर्षांनी!"

"अकरा," सब्हा म्हणाली. "बसायला नाही आले. डॉक्टर आहेत का?"

डॉक्टर जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन थांबले. खाली उतरायचं त्यांच्या जिवावर आलं. सब्हा म्हणजे हम्दाची धाकटी बहीण, आणि हम्दाचं नाव या घरात कुणी काढत नसे.

"डॉक्टर, हम्दा चाललीय," ती वर बघत म्हणाली. "इस्पितळाने घरी पाठवलंय. गुरुवार बघितला तरी खूप. तिला फिद्दाच्या शेजारी जागा हवी, पोटच्या पोरीच्या शेजारी. बाकी काही मागणं नाही तिचं. आणि सासरचे म्हणतात, जिने पोरीला विष घातलं ती पोरीच्या बाजूला निजणार नाही. भिंतीबाहेर, काट्याकुट्यांत पुरणार आहेत तिला."

"वाईट झालं. पण मी काय करणार त्यात?"

"एक वाक्य बोला. चूक माझी होती, म्हणा. गावच्या मोठ्यांसमोर."

"सब्हा, ती चिठ्ठी तेव्हाच सगळ्यांना दाखवली होती मी. शौकरान, म्हणजे हेमलॉक, विषारी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आता हम्दाला वाचता येत नाही याला मी काय करू?"

"वाचता येत नव्हतं, पण डोळे तर शाबूत होते ना तिचे? आजही ती तेच म्हणते. तुम्ही तिच्यासमोर चिकटवली त्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. लोकांना दाखवली तिच्यावर तीन."

डॉक्टरांनी कठड्यावरचा हात काढून खिशात घातला. "मला काम आहे," ते म्हणाले.

"करा की. निरोप तेवढा ऐका. हम्दा म्हणते, डॉक्टरांना सांग, चिठ्ठीची जागा अजून रिकामीच आहे. गुरुवारपर्यंत आपल्या हाताने लावा. नाही लावलीत तर मी येते."

उम्म नाजीचा चेहरा पडला. "येते? तिला चालवतं का अजून?"

"कूस बदलवत नाही," सब्हा म्हणाली आणि ओढणी सावरत निघून गेली.

३

झालं होतं ते असं. डॉक्टरांच्या तोंडून ते कुणी ऐकलं नाही, म्हणून मीच सांगतो.

हम्दा डोंगरातला पाला खुडून विकणारी बाई. डॉक्टरांना ती रस्त्याकडेला भेटली आणि वीस वर्षं त्यांच्यासाठी झाडं गोळा करत राहिली. कड्याच्या तोंडाशी, ओढ्याच्या पोटात, जिथे डॉक्टरांचं पोट त्यांना जाऊ देत नसे तिथे हम्दा जायची. झाडं आणायची, वर्तमानपत्रांत घालायची, वर फळ्या ठेवून पट्ट्याने करकचून आवळायची. मग रोज सकाळी सातला येऊन पट्टा सोडायचा, ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे, पुन्हा आवळायचं. झाड वाळलं का हे बघायची तिची एक रीत होती. कागद उचलून गालाला लावायची. गार लागला तर झाडात अजून ओल आहे. जाड मुळाचं झाड असलं की डॉक्टर घाई करायचे आणि ही हसायची. "राहू दे हो. आपल्याला काय, रोज उठून कागदच बदलायचेत ना?"

कपाटातल्या निम्म्याहून जास्त झाडं तिने आणलेली. एकाही चिठ्ठीवर तिचं नाव नाही, पण ते सोडा.

एका फेब्रुवारीत तिने ओढ्याकाठची कोवळी पानं आणली. "डॉक्टर, रानगाजरच ना हे? वास मात्र उंदराच्या बिळासारखा येतो. तुम्ही सांगाल तेव्हाच घरी नेईन." हावरट नव्हती ती. पानं वाळून कागदावर चढेपर्यंत पंधरा दिवस थांबली.

आता, या कुळाला फळ बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही हे डॉक्टर स्वतः तीस वर्षं फळा वाजवून शिकवत आले. गाजर आणि शौकरान कोवळेपणी सख्ख्या बहिणी. शौकरानाच्या देठावर येणारे जांभळे ठिपके अजून यायचे होते. फळ यायला तीन महिने होते. पण त्या दिवशी डॉक्टरांकडे परदेशी पाहुणे बसलेले, आणि पाहुण्यांपुढे 'मला ठाऊक नाही' म्हणायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. त्यांनी चिठ्ठी लिहिली. पहिली ओळ, रानगाजर. दुसरी ओळ, सही नि तारीख. हम्दाच्या डोळ्यांदेखत चिकटवली आणि वर म्हणाले, "खा खुशाल!"

दुसऱ्या दिवशी पहाटेच हम्दाने ओढ्याकाठचा ताजा पाला खुडून आणला, चिरला, कांदा आणि सुमाकची आंबट पूड घालून पिठात भरला, भाजला. रमजानात राहून गेलेला एक रोजा ती त्या दिवशी पाळत होती, म्हणून तिने तोंडात घातलं नाही. खाल्लं फिद्दाने. एकोणीस वर्षांची मुलगी. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. डोळे मात्र शेवटपर्यंत सगळं समजत होते, असं म्हणतात.

दुपारी ती गेल्याचा फोन आला. या धंद्यात एक कायदा आहे, चुकीची चिठ्ठीसुद्धा काढायची नाही. शेजारी नवी लावायची, चूक आणि दुरुस्ती दोन्ही कागदावर राहू द्यायची. डॉक्टरांनी किटलीच्या वाफेवर ती चिठ्ठी सोडवली, चुलीत घातली आणि जुनीच तारीख टाकून तीन ओळींची नवी लावली. शौकरान. विषारी. सही. दुसऱ्या दिवशी हम्दा गावची माणसं घेऊन आली तेव्हा कागद क्रमांक अकराशे सत्तेचाळीस त्यांनी स्वतः सर्वांसमोर धरला.

"स्वतः खाल्लं नाही, पोरीला घातलं," एवढं गावाला पुरलं. अकरा वर्षं पुरलं.

४

सोमवारी डॉक्टरांनी दुसरं कपाट उघडलं. जिऱ्याच्या भावकीतल्या अकरा कागदांवर चौकोन. ओव्याच्या तर सगळ्यांवरच. प्रत्येक ठिकाणी तीच जागा, तेच माप. भिंगाखाली धरून त्यांनी डिंकाचा मागमूस शोधला. डिंक नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं, 'कागदातील आम्ल. हवेतील दमटपणा.' सल्तच्या उन्हात दमटपणा! लिहिताना त्यांनाही हसू आलं, पण खोडलं नाही.

मग चौकोन कागदावरून उतरले. टेबलाच्या काळपट लाकडावर एक दिसला. खिडकीशेजारच्या भिंतीवर दोन. नाश्त्याच्या भाकरीवर, जिथे भाजल्याचे डाग हवेत तिथे, कोऱ्या पिठाचा एक चौकोन, कडा सरळ, कोपरे नेमके. डॉक्टरांनी तेवढा भाग तोडून ताटाखाली लपवला.

"जेवत का नाही तुम्ही?" उम्म नाजीने विचारलं.

"काही वास येतोय का गं तुला? उंदराचा?"

"उंदीर? या घरात? माझ्या घरात?" ती उखडली. मग हुंगली, आणि खिडकी उघडायला गेली.

मंगळवारी सकाळी सातला डॉक्टर चहाचा पेला घेऊन जिना चढत होते. वरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत कागद वाजत होते. वाऱ्याने फडफडतात तसे नव्हेत. एक उचलला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला, बाजूला ठेवला. मध्येच हाताने सपाट केल्याचा आवाज. घाई नाही, चूक नाही. शेवटी चामड्याचा पट्टा कर्र करून आवळला गेला.

त्यांनी दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यात, अकरा वर्षं कुणी न हलवलेल्या त्या दोन फळ्या होत्या आणि त्यांवरची धूळ जशीच्या तशी होती. पट्ट्यावरची तेवढी नव्हती.

५

"अबू नाजी, सांगून टाका," त्या दुपारी बायको म्हणाली. ती मसूर निवडत होती आणि मान वर करत नव्हती.

"काय सांगू?"

"मला विचारता? किटली मीच ठेवली होती चुलीवर. तुम्ही म्हणालात, पाणी उकळ, चहा नकोय. तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी कळलं. अकरा वर्षं मूग गिळून बसले, मुलाच्या नावाखातर, तुमच्या नावाखातर. ती बाई भिंतीबाहेर जाणार आता."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? गुरुवारी गाडी येतेय. पुस्तक येतंय. पहिल्याच पानावर लोक म्हणतील, हा तो, ज्याला गाजर आणि शौकरान ओळखता आलं नाही!"

"ओळखता नाहीच आलं तुम्हाला."

डॉक्टर ताडकन उठले आणि तसेच पुन्हा बसले. डावं पाऊल जमिनीला लागल्याचं कळलंच नव्हतं. मोजा काढला. पावलावर, बोटांच्या वर, एक पांढरा चौकोन होता. केस नाहीत, सुरकुती नाही. त्यांनी मसुरातला खडा उचलून त्यावर जोरात दाबला. काही कळलं नाही. चौकोनाच्या बाहेर दाबला, तिथेही नाही.

"साखर वाढली असेल," ते म्हणाले.

उम्म नाजीने मोज्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हो. साखर," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

६

बुधवारी त्यांना गुडघ्यापर्यंत पाय नव्हते, म्हणजे होते, पण त्यांचे नव्हते. तरी काठी टेकत ते सातला वर गेले. बुद्धी लख्ख चालू होती, आणि बुद्धीने एक गोष्ट पटवून दिली : हे सगळं मनाचं आहे, आणि मनाचं असेल तर उपायही सोपा. चिठ्ठी लावून टाकायची. दोन ओळी.

त्यांनी कागद अकराशे सत्तेचाळीस काढला. साऱ्या खोलीत तेवढ्या एकाच कागदावर पांढरा चौकोन नव्हता. विजेच्या किटलीच्या वाफेवर तीन ओळींची चिठ्ठी सुटून आली. खालची जागा ओली होती. वाफेने ओली म्हणावी तर खोलवर, हिरवट, आणि नखाने दाबल्यावर पाणी सुटणारी. उंदराचा वास नाकात चढला. नकळत डॉक्टरांनी कागद उचलून गालाला लावला. बर्फासारखा गार होता.

त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली. 'रानगाजर.' अक्षर बरं आलं. 'ही ओळख चुकीची होती. चूक हम्दाची नव्हे, माझी.' आता फक्त सही. एक सही, दोन झटके पेनाचे. भिंतीबाहेर जाणारी एक बाई आत येणार होती.

पेन टेकलं आणि त्यांना पुस्तकाचं पहिलं पान दिसलं. गाडीतून उतरणारे जुने विद्यार्थी दिसले. सर, सर करत कपाटं उचलणारे.

"गाडी जाऊ दे," डॉक्टर पुटपुटले. "गाडी गेल्यावर करतो. शुक्रवारी. नक्की."

आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. अहो, यालाच म्हणतात करंटेपणा! माझं ऐकलं असतं तर तिथेच हात धरून सही करवली असती. मागे, अगदी कानाशी, कुणीतरी वर्तमानपत्राची घडी उलगडली.

७

गुरुवारी फोन वाजला तेव्हा उम्म नाजी नमाज आटोपून उठतच होती. हम्दा पहाटे गेली. दुपारच्या नमाजानंतर पुरणार.

डॉक्टरांनी ते अंथरुणातून ऐकलं. पाय गेले होते, हातही गेले होते. आता मात्र पुस्तक, गाडी, विद्यार्थी सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं. सांगायचं, आत्ताच्या आत्ता सांगायचं. त्यांनी तोंड उघडलं. 'चूक माझी' हे दोन शब्द जिभेवर तयार होते, आणि जीभ लाकडासारखी पडून राहिली. घशातून नुसती हवा आली.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर दहा मिनिटांसाठी आला. त्याची मोटार रस्त्यात उभी होती, मागची वाहनं भोंगे वाजवत होती. त्याने पापणी ओढून पाहिली, मोजा काही काढला नाही.

"वय झालंय, साखर आहे. नस दबलीय," त्याने चिठ्ठी लिहिली. "पडून राहू द्या. बरे होतील."

'पाय बघ ना मूर्खा,' डॉक्टर रिफअत डोळ्यांनी ओरडले. 'बघितल्याशिवाय नाव देऊ नकोस!'

त्याने चिठ्ठी उशाशी ठेवली आणि गेला. दोन ओळी होत्या.

८

उम्म नाजी बाई मात्र शहाणी. तिने वरून कागद अकराशे सत्तेचाळीस आणि सही नसलेली ती चिठ्ठी आणली, नवऱ्यासमोर धरली. "हे अक्षर तुमचं आहे. सही नसली तरी किटलीची साक्ष माझी आहे. जाऊ ना मी?"

डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते हो समजून घेतलं. शेजारणीला उशाशी बसवून ती गेली.

संध्याकाळी परतली तेव्हा तिच्या चपलांना कबरस्तानाची लाल माती होती. "आत घेतलं," ती म्हणाली. "फिद्दाच्या शेजारी. तिच्या सासऱ्याने स्वतः माती लोटली. सब्हा तुमच्यासाठी काही बोलली नाही. मला मात्र मिठी मारली." मग ती रडली, अकरा वर्षांचं रडली. विद्यापीठाची गाडी आल्या पावली परत गेली होती. पुस्तकही थांबलं. डॉक्टरांना त्याचं काहीच वाटलं नाही. हम्दाला हवं ते मिळालं, आता हे उतरेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. पावलांत मुंग्या येतील म्हणून ते वाट बघत राहिले.

मुंग्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मोठ्या इस्पितळात नेलं, नळ्या घातल्या, फोटो काढले. काही सापडलं नाही. घरी आणून पाठीवर झोपवलं.

'आपल्या हाताने लावा,' असं हम्दा म्हणाली होती. ती लावली बायकोने. डॉक्टरांच्या हाताची जागा अजून रिकामीच आहे, आणि आता त्यांना हातच नाहीत.

सकाळी सात वाजता उम्म नाजी स्वयंपाकघरात किटली ठेवते. तेव्हा खोलीत कागद वाजू लागतात. डॉक्टरांना पाठीखालून काहीतरी ओढून काढल्याचं कळत नाही, कारण पाठ त्यांची नाही, पण आवाज येतो. ओला कागद निघतो, कोरडा सरकतो, तळव्याने सपाट होतो. मग छातीवर फळी टेकल्यासारखा श्वास आखडतो, कर्र करून पट्टा एक भोक पुढे सरकतो. मान वळत नाही, म्हणून दिसतं ते कडेकडेने : काळ्या ओढणीचं टोक, मातीने भरलेली नखं.

आणि मग ती वाकते. तोंड दिसत नाही. एक गाल त्यांच्या गालाला येऊन टेकतो, क्षणभर थांबतो, पारखतो. सबंध अंगात तेवढी एकच जागा डॉक्टरांना अजून कळते.

"गारच आहे अजून," ती म्हणते. रागावून नव्हे, अगदी पूर्वीसारखी, कामातली. "राहू दे हो डॉक्टर. जाड मुळाचं झाड. आपल्याला काय, रोज उठून कागदच बदलायचेत ना?"